तेरा पुंगळ्या

"मी दुबईत बंदुकीच्या गोळ्या बनवायचो," असं सांगितलं की आमच्या सोसायटीतली माणसं दोन पावलं मागे सरकतात. मला ते फार आवडतं, म्हणून मी लगेच खुलासा करत नाही. तुमच्यापासून मात्र लपवत नाही. शारजाच्या पलीकडे वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब होता. परवानगीचे शिक्के, रजिस्टर, सगळं रीतसर. त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक वर्कशॉप होती. जूनमध्ये ती इतकी तापायची की आम्ही पापड नुसते खिडकीत धरून भाजायचो. (बायको म्हणते, खोटं. ती तेव्हा तिथे नव्हती.) त्या वर्कशॉपमध्ये मी अकरा वर्षं उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरण्याजोग्या करायचो.

धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गोळी उडाली की पुढचं शिसं जातं, दारू जळते आणि मागे उरते ती पितळेची पुंगळी. ती टाकून द्यायची नसते. तिच्या बुडाला मधोमध एक खळगा असतो, त्यात मसुराच्या दाण्याएवढी टोपी बसवलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. बंदुकीचा खिळा तिच्यावर आपटतो, ती पेटते, दारू पेटवते. साध्या पुंगळीतली जुनी टोपी आतून पिन घालून ढकलली की टुपकन बाहेर पडते. पण लष्करी पुंगळीची गोष्ट वेगळी. तिथे टोपी हलू नये म्हणून खळग्याचा काठ चारही बाजूंनी आत दाबून टाकतात. ती टोपी सहजी सुटत नाही, आणि सुटली तरी दाबलेला काठ तसाच राहतो. तो कापावा लागतो. कमी कापला तर नवी टोपी अडकते, तिरकी होते, चिरडते. आणि चिरडलेली टोपी एखाद्या वेळी हातातच फुटते. जास्त कापला तर टोपी ढिली बसते आणि गळून पडते. या दोन्हींच्या मधे केसाएवढी जागा आहे. माझं सगळं पोट त्या जागेवर चाललं.

मी आयटीआयचा फिटर. पुण्यात दहा वर्षं टूलरूममध्ये काढलेली. काठ बरोबर कापला की नाही हे पाहायला मी लेथवर स्वतःचं गेज बनवलं होतं. ते एवढं अचूक होतं की जर्मन माणसाने पाहिलं असतं तर रडला असता. तर अशा माणसाच्या वाट्याला इब्राहिम आला.

इब्राहिम मुकादम, दापोलीकडचा. शाळा चौथीपर्यंत. आधी बांधकामावर होता, मग आमच्या क्लबात झाडूवाला म्हणून लागला. नेमबाजी संपली की वाळूतल्या पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या आणि बादली आमच्या दारात आणून ठेवायची, एवढंच त्याचं काम. आमच्याकडे पुंगळीन् पुंगळी मोजून आत यायची आणि मोजून बाहेर जायची. पोलीस कधीही रजिस्टर मागायचे.

एकदा कुठल्याशा देशाचा माल आला आणि माझ्या पिना धडाधड मोडायला लागल्या. बारा दिरहमची एक पिन, म्हणजे तेव्हाचे सव्वाशे रुपये धरा. सकाळपासून एकोणीस मोडल्या. आमचा मुख्य अबू समीर माझ्या डोक्यावर उभा. हा जॉर्डनचा, सैन्यातून निवृत्त झालेला हत्यारांचा कारागीर. त्याचा डावा डोळा अर्धा मिटलेला असायचा, कारण तरुणपणी प्रायमरचा ट्रे तोंडासमोर फुटला होता. मी मशीनला शिव्या देत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"जगतापभाऊ, ह्यांच्यात दोन भोका हायत."

"काय?"

"आत दोन भोका हायत. तुमची पिन मधे जाते. मधे काय नाय. भिंत हाय."

बघतो तर खरंच. आमच्या पुंगळ्यांना आत एकच मधलं भोक असतं, या जातीला दोन बारीक आणि बाजूला. वर्षभर झाडू मारणाऱ्याला ते दिसलं आणि मला दिसलं नाही, कारण मी आत बघितलंच नव्हतं. अबू समीर एका डोळ्याने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जगताप, तुम कागज का आदमी. ये हाथ का आदमी. इब्राहिम, झाडू खलास. यल्ला, अंदर!"

तर असा तो आत आला. माझी जळजळ त्या दिवशी सुरू झाली, ती पुढे कायम राहिली.

पुढच्या दोन वर्षांत या माणसाने माझं जे जे म्हणून होतं ते हसतहसत मागे टाकलं. एक उदाहरण देतो. आमचा एक मेंबर होता, लेबनानी दातांचा डॉक्टर. त्याला पुंगळ्या लग्नातल्या भांड्यांसारख्या चकाचक लागायच्या. घासायच्या ड्रममधला अक्रोडाच्या टरफलांचा चुरा नेमका संपला होता. मी म्हटलं, चिंच! पितळ आहे, चिंचेने उजळेल. दोन किलो चिंच आणून शंभर पुंगळ्या संध्याकाळी भिजत टाकल्या. सकाळी सगळ्या गुलाबी! डॉक्टरने विचारलं, या काय हिरड्या आहेत? इब्राहिमने खोलीवरून गावची आमसुलं आणली, कोमट पाण्यात टाकली, उरलेल्या पुंगळ्या दहा मिनिटं ठेवल्या आणि बाहेर काढल्या. सोनं! डॉक्टरने त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. त्या फोटोत मागे एक माणूस गुलाबी पुंगळ्यांची बादली घेऊन उभा आहे. तो मी.

पण खरा जाळ होता तो त्याच्या करंगळीच्या नखाचा. त्याने ते नख वाढवलं होतं. पुंगळी उजव्या हातात घ्यायची, करंगळीचं नख खळग्याच्या काठावरून एकदा फिरवायचं, बस. नख अडलं तर काठ राहिलाय, सुळकन घसरलं तर पास. मी गेजने तासाला दोनशे तपासायचो, तो नखाने सहाशे. मी चोरून त्याच्या पास झालेल्या बादलीतल्या पुंगळ्या माझ्या गेजवर लावून बघायचो. एक सापडावी चुकलेली, एक! नाही सापडली. मग मीपण नख वाढवलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सात आठवडे जपलं, त्याला रात्री खोबरेल लावलं, आणि पहिल्याच दिवशी तिसऱ्या पुंगळीला ते मुळापासून तुटलं. आठवडाभर बोटाला पट्टी. इब्राहिमने विचारलं, "काय झाला, भाऊ?" मी म्हटलं, दारात सापडलं.

अबू समीर त्याला 'उस्ता' म्हणायला लागला. अरबीत हाताच्या कारागिराला देतात तो मान. मला तो 'मिस्टर जगताप' म्हणायचा. चार लोकांत बायकोने 'अहो'च्या जागी 'ओ साहेब' म्हणावं, तसं मला ते लागायचं.

मग ती बातमी आली. सीझन संपला की अबू समीर कायमचा घरी जाणार आणि आम्हा दोघांतला एक फोरमन होणार. तुम्हाला वाटेल, पदाची हाव. पदाचं मला काही नव्हतं. आमच्या पगारात बायकोमुलांना बोलावता येत नव्हतं, फोरमनच्या पगारात फॅमिली व्हिसा मिळत होता. माझी पोरगी चार वर्षांची झाली होती आणि मला 'फोनवाले बाबा' म्हणायची. एकदा सुट्टीवर गेलो तर मला बघून आत पळाली आणि फोन उचलून आणला, बाबांना सांगायला की घरात कुणीतरी आलंय. इब्राहिमचीही बायको आणि दोन मुलगे गावाला होते. ते मला माहीत होतं. मी तो विचार दुसऱ्या बाजूला वळवून ठेवत असे.

अबू समीरने ठरवलं, मेजरसाहेबांच्या स्पर्धेसाठी दोघांनी आठ-आठशे पुंगळ्यांचा लॉट तयार करायचा. कुणाचा चांगला ते बघू. मेजर म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले इमिराती गृहस्थ, क्लबचे सगळ्यात मोठे नेमबाज. पुंगळीत जराशी खोट असली तर त्यांना खांद्याला कळायची.

मी पहिली चाल केली ती सभ्यपणे. अबू समीरला आम्ही मुदीर म्हणायचो, म्हणजे साहेब. त्याला म्हटलं, "मुदीर, मशीनपाशी एवढं लांब नख? सेफ्टी?" अबू समीरला सेफ्टी म्हटलं की आपला डोळा आठवायचा. त्याने सरळ पत्रा कापायची कात्री घेतली आणि इब्राहिमचं नख स्वतः कापून टाकलं. इब्राहिम हसला. "वाढल परत," म्हणाला. पण परत वाढायला दोन महिने लागतात आणि स्पर्धा दहा दिवसांवर होती. तो आता प्रत्येक पुंगळी डोळ्याजवळ धरून, वाकून बघायला लागला. घामाने चष्म्यावर वाफ धरते म्हणून सेफ्टी चष्मा कपाळावर. तासाला सहाशेवरून दीडशेवर आला. मला त्या आठवड्यात जेवण फार गोड लागलं.

तरी त्याचा लॉट माझ्यापेक्षा चांगला होत होता. हे मला गेज सांगत होतं, आणि ते गेज मीच बनवलेलं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, दुपारी तो नमाजाला गेलेला असताना, मी त्याच्या तयार बादलीतून तेरा पुंगळ्या उचलून माझ्या लॉटमध्ये टाकल्या आणि माझ्या तेरा ढिल्या भंगारात. मग बाजूच्या डब्यातल्या, धुतलेल्या पण काठ न कापलेल्या तेरा मुठीत आणि अ‍ॅप्रनच्या खिशात भरल्या आणि त्याच्या बादलीत सोडून, हलवून सारख्या केल्या. मोजणी जुळायला हवी, म्हणून तेराला तेरा. माझा बेत एवढाच होता की उद्या अबू समीरसमोर नव्या टोप्या बसवताना त्याचा प्रेसचा दांडा तीन-चारदा अडकावा आणि अबू समीरने म्हणावं, "क्या उस्ता?" फक्त ते 'क्या' मला ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोप्या बसवायला सुरुवात झाली. अबू समीर मेजरांबरोबर मैदानावर गेलेला. मी माझ्या प्रेसवर, तो खिडकीपाशी त्याच्या. मी कान लावून बसलो होतो. दांडा अडकत नव्हता. मी वळून बघितलं. इब्राहिम प्रेसवर वाकला होता, तोंड टोपीपासून वीतभर वर. नख नाही, म्हणून. चष्मा कपाळावर. आणि कोपरापाशी शंभर टोप्यांचा ट्रे. ते चित्र मी आधी कुठे पाहिलं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. अबू समीरच्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यात मी ते रोज बघत होतो.

मी कसा उठलो माहीत नाही. मधे टेबल होतं, ते ओलांडून गेलो की त्याच्यावरून गेलो, देव जाणे. त्याचा दांड्यावरचा हात दोन्ही हातांनी धरला. "थांब! थांब, इब्राहिम! तुझ्या लॉटमध्ये काठ न कापलेल्या आहेत."

त्याने विचारलं नाही, तुम्हाला कसं माहीत. तो एवढंच म्हणाला, "किती?"

"तेरा."

त्याने डाव्या हाताने ड्रॉवर उघडला. आत फडक्यावर अकरा पुंगळ्या ओळीने मांडून ठेवलेल्या.

"सकाळपासून अकरा गावल्या," तो म्हणाला. "मना वाटला माझीच चूक. मना वाटला, नख गेला तसा हातपण गेला माझा." मग बाजूचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा, भाऊ. दोन शोधायला पायजेत."

आम्ही एका टेबलावर समोरासमोर बसलो. माझं गेज, त्याचा डोळा. टोपी न बसवलेल्या सहाशे पुंगळ्या एकेक करून पाहिल्या. जेवलो नाही. तासाभराने बारावी सापडली. तेरावी नाही. परत पहिल्यापासून बघितल्या. नाही. राहिल्या त्या सकाळी टोप्या बसवून झालेल्या पावणेदोनशे. त्यांचा काठ आता टोपीखाली झाकला गेलेला. एखादी जोर करून, चिरडून बसली असेल तर वरून काही कळणार नव्हतं. बंदुकीतच कळणार होतं, मेजरच्या गालापाशी.

चार वाजता अबू समीर आला. "यल्ला, लॉट रेडी?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, यावर विश्वास ठेवा. पण इब्राहिम आधी बोलला.

"मुदीर, मेरा लॉट खराब. मिक्स हो गया. मेरा गलती. सब भंगार करो."

 अबू समीरने 'क्या उस्ता' म्हटलं नाही. जाऊन खिडकी बंद केली आणि बाहेर गेला. ज्या 'क्या'साठी मी एवढं केलं, ते मला मिळालं नाहीच.

स्पर्धेला माझा लॉट वापरला गेला. मेजर पहिले आले, वर्कशॉपमध्ये येऊन माझा हात दाबला. आता तुम्हीच सांगा, त्या लॉटमध्ये तेरा पुंगळ्या इब्राहिमच्या होत्या. मला आजही संशय आहे की निशाणाच्या मधल्या काळ्या ठिपक्यात लागल्या त्या गोळ्या बरोबर तेरा.

फोरमन मी झालो. पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. ज्या दिवशी लॉट भंगारात निघाला त्याच संध्याकाळी मी शारजातल्या खोलीवर आलो, अ‍ॅप्रन झटकला, आणि खिशाच्या शिवणीतून तेरावी पुंगळी खणकन फरशीवर पडली. मी बाराच सोडल्या होत्या! लॉट स्वच्छ होता. स्पर्धेला रात्र बाकी होती. खाली टेलिफोन बूथ होता आणि अबू समीरचा नंबर मला तोंडपाठ होता. मी जिन्यापर्यंत गेलो, दोन पायऱ्या उतरलो. मग पोरीने फोनचा रिसीव्हर हातात घेऊन मला बाहेरचा माणूस म्हटलेलं आठवलं, आणि मी परत वर आलो.

बायको आणि मुलगी आल्या. दुबईतल्या अल कुसैसला दोन खोल्या घेतल्या. सहा वर्षं राहिलो. मुलगी तिथल्या शाळेत गेली, मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, "व्हॉट, बाबा?" बाबा म्हणायची. फोनवाले गेलं. शुक्रवारी आम्ही खाडीवर फिरायचो. पुढे मरीनाचे उंच टॉवर उठले तेव्हा ते बघायलाही गेलो. मी तिला सांगितलं, तिसरा टॉवर माझ्या सल्ल्याने बांधला.

इब्राहिम माझ्या हाताखाली आला. मी त्याला 'इब्राहिमभाई' म्हणायला लागलो, तो मला 'साहेब'. रोज संध्याकाळी तो तयार बादली माझ्या टेबलावर ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचा, "मोजून घ्या, साहेब." चार वर्षं. मी रोज मोजायचो. नख त्याने पुन्हा वाढवलं नाही. मग एका सुट्टीला गेला तो परतलाच नाही. गावीच राहिला, होडी घेतली म्हणे.

मी निवृत्त होऊन पुण्याला आलो. मागच्या वर्षी हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे अल कुसैसची सहा वर्षं त्यांची होती," ती म्हणाली.

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

दिवाळीत तिने फराळाचा डबा भरला. माझ्यासाठी ठेवल्या त्यापेक्षा त्यात करंज्या जास्त होत्या. मी मोजल्या. पुन्हा तीच जळजळ! म्हणाली, पोस्टाने नाही, स्वतः घेऊन जा.

इब्राहिमचं घर खाडीच्या काठाला आहे. दाढी पांढरी, हात तसेच. ओट्यावर जाळं विणत होता, बोटं बघायची गरज नाही अशी चालत होती, आणि मी एवढ्या वर्षांनीही ती बघून जळलो. डबा ठेवला. पाणी प्यायलो. मग एका दमात सांगितलं, की तेरावी माझ्या खिशात होती.

"माहीत हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. लॉट भंगारात द्यायचा तर मोजून द्यायचा ना, साहेब. आठशे पायजे व्हते. सातशे नव्याण्णव भरले. म्हटला, तेरा काढलेत आणि बारा टाकलेत. एक साहेबांकडे." त्याने जाळ्याची गाठ मारली. "रजिस्टरात मी एक तुटली म्हणून लिवला."

"मग अबू समीरला सांगितलं का नाहीस? अरे, लॉट चांगला होता तुझा!"

"त्याने तुमाला दुसऱ्या दिवशी विमानात बसवला असता. म्हटला, जगतापभाऊ आपणच सांगतील. सकाळी सांगतील. मग म्हटला, उद्या सांगतील. रोज म्हणत व्हतो, मोजून घ्या. तुमी मोजून घेत व्हतात."

मी विचारू नये ते विचारलं. "राग आला होता?"

"राग नाय. तुमी बायकोपोरीला एअरपोर्टावरून आणलात ना, त्या दिवशी लय जळलो. नंतर रोज जळायचो, शुक्रवारी जास्ती."

ज्याच्यावर मी इतकी वर्षं जळलो तो माझ्यावर जळत होता! हे ऐकून मला नाचायला हवं होतं. पण मी जळत होतो ते त्याच्या मालकीच्या हातांवर. तो जळत होता ते कशावर, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याची बायको चहा घेऊन आली. बारीक चणीची, डोक्यावरून पदर. इब्राहिमने सांगितलं, "हे जगतापसाहेब. दुबईचे." ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा मोकळा होता, तिला काही सांगितलेलं नव्हतं.

"तुमची मंडळी पण व्हती ना तिथं?" तिने विचारलं. "हे सांगायचे. कशी हाय वो दुबई?"

मी उंटांना इस्त्री केल्याच्या गोष्टी सांगितलेला माणूस आहे. टॉवर बांधलेला माणूस आहे. मी तोंड उघडलं. ती उत्तराची वाट बघत उभी होती. इब्राहिम खाली मान घालून गाठी मारत राहिला, आणि चहावर साय धरली तरी मला एक थाप सुचली नाही.